कलाकारांची ओळख

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
३ ऑगस्ट १९८८

प्रिय द्वारकाताई,

रविवारी तुझ्या खोलीवरून परत आले आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. तू म्हणालीस तसं पत्रच लिहिते आहे. किराणा दुकानातल्या फोनवर बोललं की ठेकेदाराच्या माणसांना सगळं कळतं, हे लक्षात ठेवलं आहे.

कॅन्टोन्मेंटच्या क्वार्टर्समध्ये आपण भिंतीला भिंत लावून राहायचो, तेव्हा तू सगळ्यांच्या नकला करायचीस. काका गेले, तुझी शाळा सुटली आणि ठकूमावशीला, तुझ्या आईला घेऊन तू नोएडाला रेडिओच्या कारखान्यात लागलीस, तेव्हा मला वाटलं होतं की ते आता संपलं. आणि रविवारी बघते तर त्या एवढ्याशा खोलीत सात जणी, कॉट उभी करून भिंतीला टेकवलेली, आणि मधे नाटक! तेही तुमचं तुम्ही रचलेलं. कुणी लिहून दिलेलं नाही, कुणी शिकवलेलं नाही.

तो बिल्ल्याचा प्रवेश मी विसरूच शकत नाही. चाळीस बायका, बाथरूमला जायला एकच पितळी बिल्ला, आणि तो सुपरवायझरच्या टेबलावर. रामरती सोड्याच्या बाटलीचं झाकण दोऱ्याला बांधून ते मिळवण्यासाठी काय काय करते! त्याला मस्का लावते, त्याच्या बायकोची तब्येत विचारते. मी हसून हसून खालीच बसले. आणि मग ती एकदम थांबते आणि आपल्या पायांकडे बघते. उशीर झालेला असतो. ताई, माझ्या अंगावर काटा आला.

आमची संस्था अशाच कामासाठी आहे. कामगार वस्त्यांतल्या तरुण मुलामुलींना जागा, ढोलकी, येण्याजाण्याचं भाडं देणं, त्यांचे प्रयोग करवणं. आमच्या सचिव सरलाबाई लगेच हो म्हणाल्या. मयूर विहारच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात एक तास मोकळा आहे. लोक आपलेच, सरकारी नोकरीतले, हिंदी सगळ्यांना समजतं. कराल ना? आमच्या घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा मला मिरवतात, पण त्या पदवीचा उपयोग काय ते मला परवा पहिल्यांदा कळलं.

तुझी,
हेमा

*

नोएडा,
९ ऑगस्ट

प्रिय हेमा,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "एवढी शिकली आणि दुसऱ्याच्या नाटकात रडत बसते." तिच्याकडे लक्ष देऊ नकोस, तिला तू फार आवडतेस.

मी सगळ्यांना विचारलं. पाच जणी लगेच हो म्हणाल्या. त्यांना तुमच्या मयूर विहारमधले फ्लॅट आतून बघायचे आहेत. रामरतीने विचारलं, "वहाँ लोग हँसेंगे?" मी म्हटलं, बिल्कुल. "तो ठीक है." एटा जिल्ह्यातली पोरगी, एकोणीस वर्षांची, भाऊ गावाहून येऊन पगार घेऊन जातो. बिल्ल्याचा सगळा प्रवेश तिचा आहे. आम्ही फक्त रांगेत उभ्या राहतो आणि हसू दाबतो.

रविवार असेल तरच जमेल. अंधार पडायच्या आत परत सोडायची सोय कर. आणि नावाबिवाचं काही करू नकोस. आम्हाला त्याची सवय नाही. नाटक बघितलं लोकांनी की झालं, कोण कुठली ते कळून काय करायचंय.

तुझी,
द्वारका

*

मयूर विहार,
२२ ऑगस्ट

चि. हेमलता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा फोन आल्यापासून आमच्या कार्यकारिणीत उत्साह आहे. दरवर्षी तेच ते प्रहसन, तीच ती भक्तिगीतं. श्यामकांतराव गेली सहा वर्षं विनोदी नोकर करताहेत आणि आता त्यांच्या मिशाही पांढऱ्या झाल्या. नवीन काही हवंच होतं.

फक्त एक विनंती. आपल्या मंडळाची पद्धत तुला माहीत आहे. प्रयोग संपल्यावर मी स्वतः प्रत्येक कलाकाराची ओळख करून देते, नाव आणि खातं. "श्री. श्यामकांत जोगळेकर, कृषी मंत्रालय." लोक त्याचीच वाट बघत असतात. तेव्हा तुझ्या मुलींची पूर्ण नावं आणि कारखाना मला सांगून ठेव. त्यांना वेगळं वागवलं असं व्हायला नको. मंत्रालयातल्या माणसाला मान आणि कामगार मुलीला नाही, हे माझ्या मंडळात चालणार नाही.

आमचे खजिनदार भालचंद्रराव नोएडाच्याच एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर आहेत. त्यांना विशेष कौतुक वाटेल. पहिल्या रांगेत बसवते.

तुझी,
अलका काळे

*

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
२९ ऑगस्ट

प्रिय द्वारकाताई,

१८ सप्टेंबरचा रविवार ठरला. दुपारी संस्थेची मेटॅडोर खोलीपाशी येईल, आणि सहा वाजायच्या आत तुम्ही परत.

नावाबद्दल तू जे लिहिलंस ते वाचून मला वाईट वाटलं. आपल्या लोकांना इतकं शिकवलेलं असतं की आपलं नाव घेण्याजोगं नाही. बाबांनी बावीस वर्षं पलटणीत काढली, तेही अजून कुणी कौतुक केलं की "मी कोण, साहेब" म्हणतात. मला ते ऐकवत नाही. अलकाताई म्हणून मंडळाच्या अध्यक्षा आहेत, त्यांचं मन फार मोठं आहे. त्यांनी तुमच्यासाठी एक गोष्ट ठरवली आहे, ती आत्ता सांगत नाही. त्या दिवशीच कळू दे.

तुझी,
हेमा

*

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
२० सप्टेंबर

प्रिय द्वारकाताई,

अजून कानात टाळ्या आहेत.

परतताना गाडीत तुम्ही सगळ्या गप्प होतात. थकला असणार. म्हणून तेव्हा बोलले नाही, पण लिहिल्यावाचून राहवत नाही. तीनशे माणसं होती. बिल्ल्याच्या प्रवेशाला मागच्या बाजूची मुलं खुर्च्यांवर उभी राहिली. रामरती थांबली आणि पायांकडे बघायला लागली, तेव्हा माझ्या शेजारच्या बाई "अगं बाई" एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

आणि मग ओळख! तुझं पूर्ण नाव, रामरतीचं पूर्ण नाव, सगळ्यांची, आणि प्रत्येकीपुढे कारखान्याचं नाव, अगदी जोगळेकरांच्या कृषी मंत्रालयासारखं. प्रत्येक नावाला टाळ्या. तू मान खाली घालून उभी होतीस. तुझे डोळे भरले असणार, मला माहीत आहे. माझेही भरले.

पहिल्या रांगेतले ते उंच गृहस्थ, खजिनदार, स्वतः आत आले आणि त्यांनी तुम्हाला मोदक दिले, बघितलंस ना? रामरतीला किती आपुलकीने विचारलं, "बेटा, कितने दिन हुए लगे हुए?" सरलाबाई म्हणाल्या, अशीच माणसं पुढे मदतीला येतात.

दिवाळीच्या आधी आणखी दोन प्रयोग ठरवते आहे. लवकर लिही.

तुझी,
हेमा

*

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
४ ऑक्टोबर

प्रिय द्वारकाताई,

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. रविवारी येऊन गेले. ठकूमावशी दारातच म्हणाल्या, "द्वारका नाही." आत बोलावलं नाही. आतून स्टोव्हचा आवाज येत होता, ताई.

माझं काही चुकलं का? प्रयोगात काही राहिलं का? निदान दोन ओळी लिही.

हेमा

*

नोएडा,
९ ऑक्टोबर

हेमा,

मी घरातच होते. भाजी परतत होते.

प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला गेटवर थांबवलं. सातही जणींना. चौकीदाराने नावं वाचली आणि म्हणाला, तुम्हाला आत जायचं नाही, साहेब बोलावतील तेव्हा या. ज्यांनी मोदक दिले तेच साहेब. भालचंद्र साहेब आमच्याच कारखान्यात आहेत. पगार वाटताना टेबलाच्या पलीकडे तेच बसतात. तू मला आधी सांगितलं असतंस की पहिल्या रांगेत कोण बसणार आहे, तर मी तुला सांगितलं असतं. पण तुला गंमत करायची होती.

गेले तीन आठवडे बिनपगारी घरी आहोत. त्यांच्या खोलीचं भाडं थकलं म्हणून आमच्यातली सावित्री आणि तिची बहीण आमच्याकडे झोपतात.

मी तुला नको म्हटलं होतं. तुला वाटलं, मी लाजते. त्यात माझीही चूक आहे. मी नीट लिहायला हवं होतं की आम्ही घाबरतो. नाटकात कारखान्याचं नाव आम्ही मुद्दाम कुठे घेतलं नव्हतं. वस्तीत करतो तेव्हा बघणाऱ्या बायका सगळं ओळखतात, पण कुणी कुणाचं नाव घेत नाही. पण लहानपणी सुभेदारीणबाईंची त्यांच्यासमोर नक्कल करणारी तुझी द्वारकाताई घाबरते, हे मला तुला लिहवेना.

आणि खरं सांगू? नाव घेतलं तेव्हा मला आवडलं. "द्वारका गणपत साळुंखे" असं माईकवरून माझं नाव कुणी कधी म्हटलं नव्हतं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मग वर बघितलं तर पहिल्या रांगेत साहेब. ते टाळ्या वाजवत होते. म्हणून मान खाली घातली. डोळेबिळे काही भरले नव्हते.

आता येऊ नकोस. तू आलीस की गल्लीत लोक बघतात.

द्वारका

*

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
१५ ऑक्टोबर

द्वारकाताई,

माफी मागून काही होणार नाही, म्हणून ती इथे लिहीत नाही. काय केलं ते लिहिते.

काल भालचंद्ररावांच्या घरी गेले. त्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. मी म्हटलं, तुम्ही तर टाळ्या वाजवल्या होत्या.

"मनापासून वाजवल्या," ते म्हणाले. "अहो, उत्तम काम करतात मुली. ती पोरगी तर काय विलक्षण आहे."

"मग त्यांना बाहेर का काढलंत?"

"मी त्यांना पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं होतं. सोमवारी गेटवर दिसल्या असत्या तर मान हलवून पुढे गेलो असतो. मला काय घेणं आहे? पण तुम्ही नावं घेतलीत. कारखान्याचं नाव घेतलंत, तेही सात वेळा. आमच्या मालकांच्या ओळखीचे दोघे मंडपात होते. सोमवारी मी ऑफिसला पोचायच्या आधी मालकांचा फोन येऊन गेला होता. आता मी काय सांगू, मला कमी ऐकू येतं?"

मग ते म्हणाले की त्यांनी मालकांना समजावून एक मार्ग काढला आहे. तुम्ही सगळ्यांनी लिहून द्यायचं की नाटक तुमचं नाही. बाहेरच्या एका बाईने ते लिहिलं, तुमच्याकडून पाठ करून घेतलं, आणि तुम्हाला त्याचा अर्थ कळला नव्हता. मग कामावर परत. बाहेरची बाई म्हणजे मी. "तुम्हाला काय फरक पडतो?" ते मला म्हणाले. "उलट तुमचं नाव होईल."

ताई, सही करू नका. माझी हात जोडून विनंती आहे. ते नाटक तुमचं आहे, तेवढं एकच तर पूर्ण तुमचं आहे. ते लिहून दिलंत की पुन्हा कुणी काही रचणार नाही. मी सरलाबाईंना वकिलाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, संस्था कलेला मदत करते, भांडणात पडत नाही, आणि तूही काही दिवस नोएडाला जाऊ नकोस. मी दुसरीकडे प्रयत्न करते आहे. कॉलेजमधल्या एका मैत्रिणीचे वडील लेबर कोर्टात असतात. थोडे दिवस धीर धरा.

हेमा

*

नोएडा,
२४ ऑक्टोबर

हेमा,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी सहा जणींनी सही केली. तुझं पत्र आधी आलं असतं तरी केली असती.

तू लिहितेस धीर धरा. तुझ्या घरी बाबांची पेन्शन येते. सावित्रीच्या बहिणीला चौथा महिना आहे. आईने परवा तिच्या पाटल्या काढून माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाली, "नाटकावर आपलं भागणार असेल तर सांग, नाहीतर या वीक." आता मी तिला काय सांगू, नाटक आमचं स्वतःचं आहे?

सही करायला मला त्रास झाला नाही असं नाही. पण साहेब पेन पुढे करून उभे होते आणि मागे सगळ्या जणी. चलो, करून टाकली.

रामरतीने नाही केली. मी तिला बाहेर नेऊन समजावलं. यार, कागदावरच तर द्यायचं आहे, वस्तीत सगळ्यांना ठाऊक आहे कुणाचं ते. ती म्हणाली, "आप लोग दे दो दीदी. बिल्लेवाला मैं नहीं देती." साहेबांनी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती छताकडे बघत राहिली. तिचा हिशोब चुकता करून तिला काढून टाकलं. भाऊ तिला न्यायला गावाहून निघाला आहे असं ऐकते.

आता ऐक. पुढच्या मंगळवारी तुला कारखान्यात बोलावतील. मालकांचे भाऊ तुला विचारतील की नाटक तुझं आहे का. तू हो म्हणायचं. नाही म्हणालीस तर आमच्या सह्या खोट्या ठरतील आणि सहाही जणी घरी. तुला खोटं बोलायला आवडत नाही हे मला माहीत आहे. तरी म्हण. आणि तिथे आमच्याकडे बघू नकोस.

द्वारका

*

दिल्ली कॅन्टोन्मेंट,
२ नोव्हेंबर

द्वारकाताई,

काल येऊन गेले. तुम्हाला बाहेरच्या व्हरांड्यात बसवलं होतं, म्हणून आत काय झालं ते लिहिते. मी तुमच्याकडे बघितलं नाही, तू सांगितलं होतंस म्हणून.

मालकांचे भाऊ तरुण आहेत, माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे. भालचंद्रराव बाजूला उभे होते. मालकांच्या भावांनी विचारलं, "ये नाटक आपने लिखा है?"

मी हो म्हणाले.

"पूरा?"

मी हो म्हणाले.

"लड़कियों ने अपनी तरफ़ से कुछ नहीं जोड़ा?"

मी म्हणाले, नाही, त्यांनी फक्त पाठ केलं. मग त्यांनी विचारलं की तो बिल्ल्याचा प्रकार मला कसा सुचला, मी कधी कारखान्यात काम केलं आहे का. मी म्हणाले, नाही, कल्पनेने लिहिलं. ते हसले. म्हणाले, "कल्पना अच्छी है आपकी. किसी अच्छी चीज़ पे लिखिए." मग त्यांनी मला चहा विचारला आणि मी तो घेतला, ताई. नको म्हणायचं सुचलंच नाही.

बाहेर आल्यावर भालचंद्रराव गेटपर्यंत सोडायला आले. म्हणाले, "बघा, सगळं नीट झालं."

संस्थेत तुमच्या सह्यांची गोष्ट आधीच पोचली होती. सरलाबाई रागावतील असं वाटलं होतं. पण रविवारच्या वार्षिक सभेत त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हेमलताने कामगारांच्या जीवनावर एक प्रभावी नाटक लिहिलं आहे. मी उभी राहून सांगायला हवं होतं. पण अलकाताई तिथे होत्या, आणि त्यांना कळलं की भालचंद्ररावांना कळणार. मी बसून राहिले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

रामरतीचा पत्ता कळव. मला तिला भेटायचं आहे.

हेमा

*

नोएडा,
११ डिसेंबर

हेमा,

उशीर झाला. ओव्हरटाइम चालू आहे, नवीन वर्षाचा माल जायचा आहे.

आम्हाला तुझ्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी कामावर घेतलं. सहा जणींना सहा वेगवेगळ्या टेबलांवर बसवलं आहे. जेवायची सुट्टीही वेगळी. रविवारी खोलीत आता कुणी येत नाही. पहिल्या रविवारी मी कॉट उभी करून ठेवली होती, संध्याकाळी आडवी केली. एक सांगते, बिल्ले आता तीन केले आहेत. साहेबांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं की ही मालकांची मेहेरबानी आहे. आम्ही टाळ्या वाजवल्या.

तू हो म्हणालीस ते बरं केलंस. तुझ्यावर राग नाही. होता, आता नाही. पण ये म्हणून मी लिहिणार नाही. तुझा चेहरा आता कारखान्यात सगळ्यांनी बघितला आहे.

रामरतीचा पत्ता मी देणार नाही, तिने नको म्हटलं आहे. तेवढं सांगते की ती गावी गेली नाही. भाऊ यायच्या आदल्या दिवशी निघून गेली. नोएडात कुणी तिला घेतलं नाही. कारखाने एकमेकांना विचारतात. आता फरिदाबादला आहे, बल्बच्या कारखान्यात, चुलत बहिणीच्या नावावर.

परवा सुट्टी घेऊन तिला भेटायला गेले होते. शिफ्ट सुटली, बायका बाहेर पडल्या. ती दिसली तशी मी "रामरती" म्हणून हाक मारली. तिने वळून बघितलं नाही. तशीच चालत राहिली, रस्ता ओलांडला, टायरवाल्याच्या दुकानामागे जाऊन थांबली. मी धापा टाकत पोचले, तर म्हणाली, "ऐसे मत बुलाओ दीदी. यहाँ मैं फूलवती हूँ."

आम्ही तिथेच चहा घेतला. तिने सगळ्यांची चौकशी केली. सावित्रीच्या बहिणीची, आईची. मग विचारलं, "हेमा दीदी ने हाँ बोल दिया?"

मी म्हटलं, बोलली.

"बिल्लेवाला भी?"

मी म्हटलं, हो, तोही.

तिने ग्लास खाली ठेवला. नव्या टेबलावरचा सुपरवायझर तोतरा आहे असं सांगायला लागली. मला वाटलं आता त्याची नक्कल करून दाखवेल. तिने तोंड उघडलंही. मग रस्त्यावरून तिच्या शिफ्टच्या दोन बायका येताना दिसल्या, आणि तिने ओढणी नीट केली आणि मला म्हणाली, तुम्ही आता निघा.

द्वारका